हिशोबपट्टी घेऊन पुस्तकाच्या दुकानात

नांदेडच्या किंवा लातूरच्या कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात सेमिस्टर सुरू होताना अर्धा तास उभं राहा. तिसऱ्या वर्षाचा एखादा मुलगा येतो, "सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं द्या" म्हणतो. दुकानदार विचारतो, "बाटू की विद्यापीठ? डिग्री की डिप्लोमा? कितवं सेम?" ('बाटू' म्हणजे लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ.) उत्तर मिळालं की हात सरळ त्या कप्प्याकडे जातो, पुस्तक बाहेर येतं, त्यावर सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचा संच ठेवला जातो आणि दोन मिनिटांत व्यवहार उरकतो. दुकानदाराचं काही चुकलेलं नसतं, त्याने त्याचे प्रश्न विचारले. पुढचा प्रश्न मुलाने स्वतःला विचारायचा असतो आणि तोच राहून जातो: हे पुस्तक वाचून मी नेमकं काय करणार आहे?

दुसऱ्या विषयात हा प्रश्न राहिला तरी फार बिघडत नाही. डेटा स्ट्रक्चरचं कुठलंही बरं पुस्तक उघडा, लिंक्ड लिस्टमधला मधला नोड काढायची रीत तीच निघणार. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये मात्र काम कुठलं, माणसं किती, मुदत किती, चूक झाली तर नुकसान कुणाचं, यावर उत्तर बदलतं. एकच उत्तर पाठ करून घेणारं पुस्तक इथे विद्यार्थ्याचं खरोखर नुकसान करतं.

या विषयाचा जन्मच फसलेल्या कामांतून झाला. ऑक्टोबर १९६८मध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोच्या पुढाकाराने एक परिषद भरली. मोठे प्रोग्रॅम मुदतीत होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता, तयार झालेलं काम चुकांनी भरलेलं असे. पूल बांधणारे इंजिनिअर जशी आधी मोजमापं घेतात, आराखडा करतात, भार तपासतात, तशी शिस्त इथेही यावी म्हणून आयोजकांनी परिषदेला मुद्दामच 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव दिलं. तेव्हा ते वास्तव नव्हतं, मागणी होती. म्हणून या विषयाच्या प्रत्येक पुस्तकाला विचारायचा पहिला प्रश्न असा: बाबा, तू ज्या अडचणीवर औषध सांगतोस, ती अडचण मला दाखवतोस का?

आता आपल्याकडच्या सवयीविषयी. परीक्षेच्या तयारीचा लातूर पॅटर्न महाराष्ट्राला ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाने त्याला आकार दिला. पॅटर्नचा गाभा साधा आहे: पुस्तक एकच, ते ओळ अन् ओळ, पुन्हा पुन्हा, आणि सतत चाचण्या. जीवशास्त्राचं एनसीईआरटी ज्यांनी पाचपाच वेळा वाचून काढलं, त्यांतलीच काही मुलं पुढे विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत, लातूरच्या बिडवे महाविद्यालयात किंवा लोणेरेच्या विद्यापीठाशी जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या कॉलेजात येतात. या सवयीला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. एक पुस्तक चिकाटीने पुरतं वाचणं ही दुर्मिळ ताकद आहे. दहा पुस्तकं चाळणाऱ्यापेक्षा एक वाचून संपवणारा पुढे जातो. पण एकच वाचायचं म्हटल्यावर ते कोणतं, याचं महत्त्व दहापट वाढतं. शिवाय इथे ओळ वाचून भागत नाही, प्रत्येक प्रकरणानंतर हातातल्या एका खऱ्या कामावर ते लावून पाहावं लागतं.

ते खरं काम आपल्या दारातच आहे. कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट हीच नावं वर्षानुवर्षं फिरतात. त्यापेक्षा भाजीपाल्याच्या आडत दुकानाची पट्टी घ्या. शेतकरी पहाटे माल आणतो, लिलाव होतो, काट्यावर वजन होतं आणि मुनीम त्याच्या हातात पट्टी देतो. समजा, टोमॅटोची ४० कॅरेट आली, प्रत्येकी २० किलो. ८०० किलो, भाव १५ रुपये, रक्कम १२,००० रुपये. आडत, म्हणजे दुकानाचं कमिशन, समजा सहा टक्के, म्हणजे ७२० रुपये. वर हमाली आणि तोलाई. पोरगा मुनिमाशेजारी बसून हे ऐकतो, घरी येतो आणि रात्रीत प्रोग्रॅम लिहितो: वजन गुणिले भाव, वजा आडत, वजा हमाली, वजा तोलाई. चालतो की!

दुसऱ्या दिवशी तो दुकानात जातो तेव्हा कळतं, की ४० कॅरेट एका खरेदीदाराने घेतलीच नाहीत. पंचवीस एकाने एका भावाने, बारा दुसऱ्याने, आणि तीन दबलेली म्हणून निम्म्या भावात गेली. शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी उचल घेतलेली आहे, तिचा काही भाग याच पट्टीतून कापायचा आहे, किती कापायचा ते मालक तोंडी सांगणार. गाडीभाडं आडत्याने आधीच चालकाला देऊन टाकलंय. रिकामी कॅरेट कोणाकडे किती, याची वेगळी वही आहे. यातलं मुनिमाने काल काहीच सांगितलं नव्हतं. लपवलं म्हणून नव्हे, त्याला ते इतकं अंगवळणी पडलंय की सांगण्यासारखं वाटतच नाही. पुस्तकात 'रिक्वायरमेंट गॅदरिंग' म्हणून जे प्रकरण असतं, ते नेमकं हेच आहे. चांगलं पुस्तक तुम्हाला मुनिमाला पुढचा प्रश्न कोणता विचारायचा ते शिकवतं. साधं पुस्तक 'फंक्शनल' आणि 'नॉन-फंक्शनल' यांतला फरक चार मुद्द्यांत देऊन पुढच्या युनिटवर जातं.

आणि मग नियम बदलतो. २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय घेतला. आपल्या हिशोबातले ते ७२० रुपये शेतकऱ्याच्या पट्टीतून उठून खरेदीदाराच्या बिलात जाऊन बसले. कागदावर ही एका ओळीची दुरुस्ती. पण ज्याने आडतीचं गणित पट्टीच्या फंक्शनमध्ये, छपाईच्या फंक्शनमध्ये आणि रोजच्या गोषवाऱ्यात असं तीन ठिकाणी लिहून ठेवलंय, त्याने दोन ठिकाणी बदल केला आणि तिसरं विसरला, की गोषवारा आणि पट्टी जुळत नाहीत आणि मुनीम पुन्हा लाल वहीकडे वळतो.

या दुखण्यावरचा उपाय १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी एका छोट्या लेखात मांडला. सॉफ्टवेअरचे भाग पाडताना कामाच्या क्रमाने पाडू नका, पुढे बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका भागात झाकून ठेवा, असं त्यांचं म्हणणं. आडत किती आणि ती कोणी द्यायची, हा निर्णय एकाच जागी. बाकीच्यांनी त्या जागेला फक्त उत्तर विचारायचं. लातूरकरांना हे गंजगोलाईवर उभं राहून समजू शकतं. फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावर १९१७ साली उभी राहिलेली ती गोल इमारत, तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, आणि त्या रस्त्यांवर सोन्याचा, चपलांचा, मिरचीचा, गुळाचा असे आपापले बाजार. मिरचीवाल्यांनी मांडणी बदलली म्हणून सराफाला दुकान हलवावं लागत नाही. एक भाग आतून एकसंध असणं म्हणजे कोहेजन, भाग एकमेकांवर अवलंबून असणं म्हणजे कपलिंग; या दोन्हींच्या व्याख्या परीक्षेला हमखास येतात आणि मुलं त्या घडाघडा म्हणतात. पण त्यांच्यामागे ही आडतीची अडचण आहे, हे ज्या पुस्तकाने दाखवलं तेच उपयोगाचं.

दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी एक परीक्षा मी सगळ्यांना सांगतो. पुस्तक उघडा आणि वॉटरफॉल मॉडेलचं पान काढा. ती पायऱ्यापायऱ्यांची आकृती विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या लेखातून आली असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्या लेखात 'वॉटरफॉल' हा शब्दच नाही. आणि ती साधी, एका दिशेने खाली उतरणारी आकृती दाखवून रॉइस लगेच सांगतात, की असंच काम केलं तर ते धोक्याचं आहे, कारण चाचणी अगदी शेवटी येते आणि तिथे मोठी चूक सापडली तर पुन्हा वरपर्यंत चढावं लागतं. काम नवं असेल तर आधी त्याची एक छोटी प्रत करून पाहा आणि मग खरं काम करा, असा त्यांचा सल्ला आहे. हातातलं पुस्तक याचा निदान उल्लेख करतं का, ही आकृती कुठे लागू पडते आणि कुठे आपटते ते उदाहरणाने सांगतं का, की फक्त 'फायदे' आणि 'तोटे' असे दोन रकाने आखून देतं? या एका पानावरून लेखकाने मूळ वाचून लिहिलंय की दुसऱ्याच्या पुस्तकावरून, याचा बराच अंदाज येतो.

दुसरं पान टेस्टिंगचं. तिथे खरे आकडे घातलेलं उदाहरण आहे का पाहा. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ हे नवं रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतच भरकटून नष्ट झालं. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर एरियन ४मधून जसंच्या तसं उचललेलं होतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं बिनचूक चाललं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यामुळे एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. जोडीला ठेवलेल्या राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर होतं, म्हणून तीही त्याच कारणाने बंद पडली. ही गोष्ट 'ओव्हरफ्लोमुळे रॉकेट पडलं' एवढ्यावर उरकणारं पुस्तक बाजूला ठेवा. जुना, तपासलेला कोड नव्या जागी बसवताना कोणती गृहीतं तपासायला हवी होती, इथपर्यंत नेणारं पुस्तक घ्या.

आता नावं घेऊन बोलू. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली, पुण्याकडून येणारी जी पुस्तकं आपण 'लोकल ऑथर' म्हणतो, त्यांना मी कमी लेखत नाही. ती युनिटप्रमाणे जातात, इंग्रजी सोपं असतं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तारून नेतात. बॅक राहिलेल्या मुलाला त्यांचा आधार किती असतो हे मी जवळून पाहिलंय. फक्त त्यांना परीक्षेचं पुस्तक म्हणा, शिकण्याचं वेगळं घ्या.

आपल्या मुलांनी सुरुवात करावी ती राजीब मॉल यांच्या 'फंडामेंटल्स ऑफ सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग'पासून, असं माझं स्पष्ट मत आहे. ते आयआयटी खरगपूरचे प्राध्यापक. वाक्यं छोटी, इंग्रजी मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला झेपणारं. मुख्य म्हणजे उदाहरणं आपल्या बाजारातली. व्यापारी पेढीचं काम संगणकावर आणायचं एक सविस्तर उदाहरण त्यात आहे: ऑर्डर येते, माल आहे की नाही पाहायचं, बिल करायचं, नसलेल्या मालाची मागणी नोंदवायची. आमच्या टोमॅटोच्या पट्टीपासून ते चार पावलांवर आहे. गिऱ्हाइकांच्या वर्षभराच्या खरेदीवरून बक्षीस ठरवणाऱ्या सुपरमार्केटचं दुसरं उदाहरणही तसंच. डेटा फ्लो डायग्राम काढताना मुलं नेमकी कुठे चुकतात, हे वर्गात शिकवलेल्या माणसालाच ठाऊक असतं आणि ते पानापानावर जाणवतं. याच लेखकाची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट बघता येतात. वाचताना अडलं तर ऐकायची सोय, ही खेड्यातून येणाऱ्या मुलासाठी मोठी गोष्ट आहे. पुस्तकाची उणीव म्हणाल तर अजाइल पद्धतीने रोजचं काम कसं चालतं, गिटवर चौघं मिळून कसं लिहितात, याची चव त्यात कमी लागते.

रॉजर प्रेसमन यांचं जाडजूड पुस्तक प्रत्येक अभ्यासक्रमाच्या संदर्भयादीत असतं. पहिली आवृत्ती १९८२ची, नव्या आवृत्तीत ब्रूस मॅक्सिम सहलेखक आहेत. घराच्या सुरक्षायंत्रणेवर काम करणाऱ्या मंडळींचे संवाद त्यात अधूनमधून येतात, ते छान आहेत. पण एवढा विस्तार नवख्याला बुडवतो. ग्रंथालयातून हवं ते प्रकरण काढून वाचावं.

इयन सोमरव्हिल यांचंही पुस्तक १९८२चंच, दहावी आवृत्ती २०१५ची. इंग्रजी जरा वरच्या पट्टीतलं, मान्य. तरीही दुसरं पुस्तक म्हणून मी यालाच मत देईन. मधुमेहाच्या रुग्णाला ठरावीक प्रमाणात इन्शुलिन सोडणारा पंप हे त्यातलं उदाहरण पुस्तकभर परत परत भेटतं. साखर किती, मात्रा किती, सुई अडली तर काय, बॅटरी संपत आली तर काय, चुकून दुप्पट मात्रा गेली तर काय. 'नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट' हा कोरडा शब्द तिथे माणसाच्या जिवाशी जोडला जातो. घरात आई किंवा आजोबा इन्शुलिन घेत असतील त्या मुलाने हे उदाहरण वाचून पाहावं, विषय कायमचा डोक्यात बसेल.

पंकज जलोटे यांचं 'अ‍ॅन इंटिग्रेटेड अप्रोच' आपल्याकडे कमी घेतलं जातं, याची मला खंत वाटते. जलोटे आयआयटी कानपूरला होते, पुढे दिल्लीच्या ट्रिपल आयटीचे संस्थापक संचालक झाले आणि मधल्या काळात त्यांनी इन्फोसिसमध्येही काम केलं. त्यांनी गुंतवणुकीचा हिशोब ठेवणारं एकच छोटं सॉफ्टवेअर घेऊन ते गरजांच्या कागदापासून चाचणीपर्यंत चालवत नेलंय. कॉलेजच्या प्रोजेक्टचा अहवाल लिहायला बसणाऱ्याला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

जुनी प्रत घ्यावी का, हे नेहमी विचारलं जातं. बेलाशक घ्यावी. सीनिअरकडून निम्म्या किमतीत मिळालेल्या पुस्तकातली गरजा, रचना, चाचणी ही प्रकरणं शिळी होत नाहीत. पार्नास यांचा विचार पन्नास वर्षांनंतरही ताजा आहे. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य कामाच्या अनुभवावरून १९७५ साली लिहिलेलं 'द मिथिकल मॅन-मंथ' तर शक्य झालं तर सुट्टीत वाचाच. रखडलेल्या कामावर आणखी माणसं लावली की ते आणखी रखडतं, हे त्यांचं म्हणणं सबमिशनच्या आदल्या रात्री पाचव्या मित्राला बोलावणाऱ्या प्रत्येक गटाने अनुभवलेलं आहे. शिळं होतं ते साधनांचं प्रकरण. अजाइलचा जाहीरनामा २००१चा, गिट २००५चं. त्याआधीच्या आवृत्तीत ते सापडणार नाही, आणि ते पुस्तकातून शिकायचंही नसतं, रोज हाताने करायचं असतं. गूगलमधल्या इंजिनिअरांनी २०२०मध्ये काढलेलं 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग अ‍ॅट गूगल' हे पुस्तक वेबवर मोफत वाचता येतं. त्यातलं कोड रिव्ह्यूचं प्रकरण तरी वाचा, ते वाचून मित्राचा कोड वाचायची रीत बदलते.

भाषेची अडचण मी टाळणार नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला सोमरव्हिलचं एक पान वाचायला सुरुवातीला अर्धा तास लागतो आणि तो स्वतःला कमी समजू लागतो. २०२१पासून तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीची पुस्तकं मराठीसह भारतीय भाषांत आणायला सुरुवात केली, त्याच वर्षी पिंपरी चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेची मराठी तुकडीही सुरू झाली. चांगली पावलं आहेत. पण या विषयाचं मराठी पुस्तक व्हायचं तर ते भाषांतर असून चालणार नाही, त्यात उचल, तोलाई आणि कॅरेटची वही यायला हवी. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'ने देशभरच्या मुलांची सी भाषेची भीती घालवली, अच्युत गोडबोले यांनी ऑपरेटिंग सिस्टिमवर पाठ्यपुस्तक लिहिलं आणि संगणक मराठीतही समजावून सांगितला. असं लिहिणारी माणसं आपल्यात आहेत. तोवर एक उपाय: प्रकरण इंग्रजीत वाचा आणि वहीत त्याचा सारांश मराठीत, मुनिमाला समजेल अशा शब्दांत लिहा. ज्या ओळीचं मराठी करता येत नाही, ती समजलेली नाही, असं धरून पुन्हा वाचा.

कोड लिहून देणारी साधनं आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आली आहेत, मग हे सगळं कशाला, असंही कुणी विचारतं. पट्टीचा कोड ते साधन क्षणात देईल. उचल कापायची राहिली, हे मात्र मुनिमाशेजारी बसलेल्यालाच कळणार.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात जाताना ओळखीच्या आडत्याकडून एक जुनी पट्टी मागून घ्या आणि खिशात ठेवा. काउंटरवर दोन पुस्तकं शेजारी उघडा, रिक्वायरमेंटचं प्रकरण काढा, पट्टी बाजूला ठेवून दहा मिनिटं वाचा. ज्या पुस्तकाने पट्टीबद्दल तुमच्या मनात नवा प्रश्न उभा केला, ते घ्या. आणि घरी जायच्या आधी तो प्रश्न मुनिमाला विचारून या.